बारा बटणांचा तबलजी

तबला वाजला की माणसाला भजन आठवतं आणि भजन आठवलं की मुर्गी मागवायची लाज वाटते, असं सदरमधल्या एका शेठनं मला अगदी गंभीरपणे सांगितलं. तो तेव्हा नवं रेस्टॉरंट उघडत होता. आत भिंतीवर समुद्र रंगवून झाला होता, नारळाची झाडं रंगवून झाली होती. बाहेर मे महिन्याचं नागपूर होतं आणि रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून लोकांच्या घरी जात होतं. त्या रंगवलेल्या समुद्राला शोभेल असं संगीत शेठला हवं होतं. रोज संध्याकाळी हवाईयन गिटार. कोणीतरी त्याला माझं नाव सुचवलं आणि मी कचेरीतून अर्धी रजा टाकून, तेल लावून, भांग पाडून त्याच्यासमोर उभा राहिलो.

ही गिटार मी साठच्या दशकात एका क्लासमध्ये शिकलो. मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातात पोलादी बार धरून तो तारांवरून सरकवायचा. सूर मग तुटत नाही, घसरत जातो. ऐकणाऱ्याला वाटतं की कोणीतरी फार लांबून, फार प्रेमानं हाक मारतंय. मला स्वतःला तर ते नेहमीच वाटायचं. लोकांना वाटायचं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण मी वाजवायचो लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, आणि तिथं लोक माझ्याकडे पाठ करून जेवायचे. बारा वर्षांत मी नागपूरकरांच्या जेवढ्या पाठी पाहिल्या तेवढ्या कुठल्या शिंप्यानंही पाहिल्या नसतील. शेठकडे मात्र लोक टेबलाशी बसणार होते. बसलेला माणूस थोडं तरी ऐकतो, अशी माझी आशा होती.

या बारा वर्षांत माझ्या शेजारी तबल्यावर एकच माणूस होता, माझ्या बायकोचा मोठा भाऊ. ती त्याला दादा म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांचं घर विणकरांचं. घरातला हातमाग बंद पडला तेव्हा दादा लाकडाच्या वखारीत काट्यावर लागला. दिवसभर लाकूड तोलायचा आणि संध्याकाळी हात धुऊन तबला काढायचा. दुसऱ्या कुणाबरोबर तो कधी वाजवत नसे. कोणी बोलावलं तर म्हणायचा, "आमच्या जवाईले इचारा." मी नसलो तर त्याचा तबला कापडात गुंडाळलेला राहणार, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

आणि शेठ म्हणत होता, तबला नको.

त्यानं मला जागाही दाखवली. मासोळ्यांची काचेची पेटी आणि गल्ला यांच्या मधोमध चार फळ्यांचं एक मचाण होतं. त्यावर एक खुर्ची मावत होती. दुसरी ठेवली असती तर बसणाऱ्याचा कोपर मासोळ्यांत गेला असता. "एक आदमी," शेठ म्हणाला, "और ये." ये म्हणजे एक काळं चपटं खोकं. त्याच्या भाच्यानं परदेशातून आणलेलं. लहानशा बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या, वर बारा बटणं, प्रत्येक बटणात एक ताल, आणि बाजूला वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी. बटण दाबलं की आत ढोल, झांजा, काय काय वाजायला लागायचं. "पंद्रह दिन ले जाओ. प्रॅक्टिस करो. फिर सुनाओ. अच्छा लगा तो सीट तुम्हारी."

मी विचार करून सांगतो असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हो."

घरी आल्यावर ते खोकं मी गव्हाच्या कोठीमागे लपवलं. आमचं घर नंदनवन नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. तिथं नवरा काय लपवतो हे बायकोला कळायला पाच मिनिटं लागतात. तिनं कोठीमागे हात घातला, खोकं बाहेर काढलं, पुसलं आणि विचारलं, "काय हाये जी हे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मुर्गीसकट.

"दादाले सांगतलं का?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तिनं परत विचारलं. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना. त्यापुढे विचारायची गरजच राहिली नाही, नुसतं वळून पाहायची. मी म्हणायचो, "सांगतो ना." दादाची सुट्टी पाचला व्हायची आणि आमच्या घरावरूनच तो जायचा. म्हणून मी दुपारी कचेरीतून पळून यायचो, खिडक्या लावायचो, ओली चादर दाराला टांगायचो आणि बारा बटणांशी झुंजायचो. साडेचारला खोकं पुन्हा कोठीमागे. एक प्रौढ सरकारी कारकून स्वतःच्या घरात चोरासारखा गिटार वाजवत होता आणि दर दोन मिनिटांनी रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकून दचकत होता.

बरं, त्या बारा बटणांत एकावरही हवाईयन असं लिहिलेलं नव्हतं. ज्यानं हे मशीन केलं त्याला अख्ख्या जगाची आठवण आली होती, आमची तेवढी राहिली. मी रॉक दाबलं. गिटार बिचारी मध्येच सापडली, जशी नवरी चुकीच्या वरातीत सापडावी. डिस्को दाबलं तर बायको आतून म्हणाली, "कोन पापड कुटून राहिलं?" मार्च लावला तेव्हा पोलीस लाईनमध्ये उभा असल्यासारखी माझी पाठ आपोआप ताठ झाली. रुंबा आवडला, पण दोन ओळींनंतर तो माझ्या पुढे निघून गेला. बोसा नोव्हा तर सुरुवातीपासून पुढेच होता. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, तो जरा जमला. स्विंग एवढा पळत होता की मोठ्या मापाची चप्पल घालून कोणी जिना उतरतंय असं वाटलं. टँगो, सांबा, बिगीन, सगळे एकेक करून मी पाहिले. ताल कुठलाही असो, थोडा वेळ बरोबर चालायचा आणि मग एका लांब सुरावर मी वर चढलो की मशीन दगा द्यायचं. मी खाली उतरून यायचो तेव्हा ते भलतीकडेच असायचं.

मी निष्कर्ष काढला की मशीन बिघडलेलं आहे. भाच्याला परदेशात कोणीतरी गंडवलं.

आठव्या दिवशी दुपारी तीनला मी सरकपट्टी पार खाली ओढून बिगीन लावला होता, बार हळूहळू वर नेत होतो, आणि ओल्या चादरीमागून आवाज आला.

"काय वाजून राहिलं जी?"

वखारीत काटा तपासायला सरकारी माणूस आला होता. काम बंद होतं. दादाला लवकर सोडलं होतं.

मी म्हटलं, "रेडिओ."

चादर बाजूला झाली. "रेडिओवर तुमचीच गिटार?"

मी मशीन बंद करायला हात पुढे केला आणि घाईत दुसरंच बटण दाबलं. बिगीन थांबला, मार्च सुरू झाला. त्या गंभीर प्रसंगी आमच्या खोलीत जवळजवळ अर्धा मिनिट पोलीस परेड चालू होती. शेवटी बायकोनंच येऊन वायर ओढली. मग भावापुढे पाण्याचा गडवा ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं.

"सदरच्या शेठनं ह्यांले मशीन देलं. तबला नोको म्हनते तो. आठ दिस झाले, तुले सांगतो सांगतो करून राहिले."

दादानं पाणी पिलं. सगळं पिलं, गडवा पालथा करून पाहिला, तोंड पुसलं. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. वखारीत काम करूनही त्याची बोटं स्वच्छ असायची, तबल्यासाठी. तो खोक्यापाशी मांडी घालून बसला.

"कोनतं बटन लावलं होतं?"

"बिगीन."

"लावा. वाजवा."

मी वाजवलं. लांब सुराशी आलो, बार बाराव्या पट्टीपर्यंत चढवला, तिथं सूर धरला, मनसोक्त धरला, आणि खाली आलो. मशीन पुढे गेलेलं होतं.

"पाहिलंत?" मी म्हटलं. "बिघडलेलं आहे."

दादानं पुन्हा वाजवायला लावलं. मग रुंब्यावर. मग वॉल्ट्झवर. प्रत्येक वेळी तो बोटांवर मोजत होता आणि माझ्याकडे न पाहता खाली जमिनीकडे पाहत होता. तिसऱ्या वेळी त्यानं बहिणीला विचारलं, "सांगू का वं?"

"सांग ना. आता काय उरलं?"

"मशीन बराबर हाये, जवाई," दादा म्हणाला. "तुमचा ताल सरकते."

मी हसलो. तो हसला नाही.

"सूर धरला का तुमच्यानं सोडवत नाई. एक मात्रा जास्त होते. कधी दीड. बारा वर्षं झाले, तुमचा बार वर गेला का मी पायतो, हा मानूस खाली केव्हा येते. तवर डग्ग्यावर हात फिरवत बसतो. तुम्ही आले का मंग सम देतो."

"मग सांगितलं का नाही?"

हा प्रश्न विचारताच दोघं भावंडं माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी परगावचा. मीच खरं तर विसरलो होतो. त्या घरात जवाई जेवायला बसला की त्याच्या पाटाभोवती रांगोळी असते. तो म्हणाला आज सोमवार, तर मंगळवार असला तरी सोमवारच. मी एकदा त्यांच्याकडे मटणाचा रस्सा मीठ नसतानाही फक्कड आहे म्हटलं होतं, तर अख्खं घर अळणी जेवलं.

"जवाईले कोन सांगन?" दादा म्हणाला. "बाबानं मले लग्नातच दम देला होता. जवाई मानूस, त्याचं चुकलं असं आपल्या तोंडातून निंगू नये." मग तो म्हणाला, "आता मी काढून टाकलेला तबलजी आहो. आता सांगायले हरकत नाई."

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. त्यानं सहज म्हटलं. पंखा फिरत होता, बाहेर कुल्फीवाला ओरडत गेला, आणि मला समजेना की मला जास्त कशाचं वाईट वाटतंय, मी त्याला फसवलं याचं की बारा वर्षं माझी गिटार त्यानं उचलून धरली होती याचं. खरं सांगायचं तर दुसऱ्या गोष्टीचं. माणूस फार हलका असतो.

"सात दिस हायेत ना?" दादा म्हणाला. "उद्यापासून पाचले येतो."

आणि तो आला. मला वाटलं होतं मान ठेवून शिकवेल. छे. बारा वर्षांचं तुंबलेलं होतं. "चुकले," तो म्हणायचा. "चुकले जवाई. हे पाहा, परत चुकले." बायको आतून हसायची. शेजारचे देशमुखी मिशांचे पेन्शनर अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. रिसेप्शनच्या बारा वर्षांत मिळाला नाही तो बसलेला श्रोता मला इथं मिळाला, आणि तो माझ्या चुका ऐकायला आला होता.

ताल मात्र दादानं निवडले. त्याची रीत अशी की बटण दाबायचं, डोळे मिटायचे, आणि मशीन किती बोलतं ते ऐकायचं. "हा लय बोलते," म्हणून रॉक, सांबा, डिस्को गेले. "हा अर्धं बोलते अन् चुप होते, मंग आपन विचार करत बसा," म्हणून बोसा नोव्हा गेला. "तुमच्या गिटारीले बोलायचं असते, ह्यानं ऐकलं पायजे." तीन मात्रांच्या धुनेला त्यानं वॉल्ट्झ ठेवला, वेग एवढा कमी की मला झोप यावी. मग त्यानं स्विंग लावला. मी म्हटलं तो पळतो. त्यानं सरकपट्टी बोटाच्या टोकानं खाली, अजून खाली आणली, आणि तो जिना उतरणारा माणूस हळूहळू चालायला लागला. एक पाय जड, एक हलका. "कन्हान नदीच्या वाळूत चालल्यासारखं," दादा म्हणाला. मी त्यावर वाजवलं आणि पहिल्यांदा मला त्या खोक्यातून समुद्राचा वास आला. मी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता, पण ते सोडा.

लांब सुराची धून तेवढी राहिली. तिच्यासाठी बिगीन ठरला, पण दहा वेळा वाजवली तर आठ वेळा मी वर अडकायचो. दादा मोठ्यानं मोजायचा, मी मानेनं मोजायचो, तरी सूर धरला की माझी मोजणी विरघळायची. "ते वाजवूच नका शेठपुढे," तो म्हणाला. आम्ही ठरवलं, दोनच धुना. वॉल्ट्झ आणि स्विंग. संपलं, नमस्कार.

पंधराव्या दिवशी दुपारी चारला आम्ही रिक्षानं सदरला गेलो. मी गिटार घेतली आणि दादानं खोकं. आत कूलर लावलेला होता. शेठ, त्याचा भागीदार आणि दाराशी पंचा खांद्यावर टाकलेला आचारी, एवढी सभा. शेठनं दादाकडे पाहून म्हटलं, "सामान उधर रख दो. और वहाँ बैठो." हात धुवायच्या बेसिनजवळ एक मोडकी खुर्ची होती. दादानं खोकं मचाणावर ठेवलं, वायर जोडली, आणि तिथं जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

हा माझा साळा आहे, हमाल नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी नख्या चढवत राहिलो.

वॉल्ट्झ ठीक गेला. शेठचे डोळे मला दिसत नव्हते, मधे मासोळ्या होत्या. टेबलाखालून त्याचा बूट तेवढा दिसत होता, पांढरा, टोकदार. तो बूट हलत होता. स्विंगवरही बूट बरोबर पडत राहिला. मी मोजून, जपून, काटकसरीनं वाजवलं. संपल्यावर मी उठायला लागलो तर शेठ म्हणाला, "बैठो बैठो. कुछ समंदर जैसा सुनाओ. लंबा."

मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान किंचित हलवली, नाही म्हणून. पण नाही म्हणून उठायचं कसं? मी बिगीन लावला.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. बूट डुलत होता. मी बार वर नेला आणि माझी नजर सवयीनं डावीकडे गेली, जिथं बारा वर्षं दादाचा हात असायचा. तिथं मासोळ्या होत्या. सूर धरला, मोजणी सुरू केली, एक, दोन, आणि मग विरघळली. मला कळत होतं की मशीन पुढे निघालंय. आता खाली उतरलो तर ओळीच्या मधोमध आपटणार होतो. न उतरावं तर सूर विझत चालला होता. बूट थांबला. अर्धा वर उचललेला, तसाच थांबला.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा पाच पावलांत मचाणापाशी आला आणि त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं.

एकदम शांत. कूलरची घरघर आणि माझा एक सूर, थरथरता. दादा माझ्या बारकडे पाहत होता. मी मनात येईल तेवढं थांबलो, मग खाली आलो, आणि ज्या क्षणी खाली टेकलो त्याच क्षणी त्याचं बोट पडलं आणि बिगीन सुरू झाला, पहिल्या मात्रेपासून. पुढच्या लांब सुरावर पुन्हा तेच. थांबवलं, वाट पाहिली, सोडलं. तिसऱ्या वेळेपर्यंत मी मोजणं सोडून दिलं होतं.

धून संपली. शेठ उठून मासोळ्यांच्या बाजूनं आला. "ये बीच में जो चुप होता है," तो म्हणाला, "वो बहुत बढिया है. कैसे किया?" आणि मग दादाकडे वळून, "ये हमाल है ना?"

भागीदारही पाहत होता. आचारीही.

"माझे साळे आहेत," मी म्हणालो. "मोठे. बारा वर्षं माझ्यासोबत तबला वाजवतात."

"मैंने बोला था—"

"तबला नाही वाजवणार. मशीन वाजवतील."

"मशीन तो अपने आप बजती है."

"वाजते शेठ," दादा म्हणाला. "थांबत नाई."

शेठनं मचाणाकडे बोट दाखवलं. "एक कुर्सी की जगह है."

"मी उभा राहीन."

शेठनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पायात वखारीतली चप्पल. "ठीक है," तो म्हणाला. "लेकिन शर्ट फूलवाली पहननी पडेगी. दोनों को."

रिक्षात दादा म्हणाला, "फूलं कोनती? मोठी का लहान?" मी म्हटलं, विचारू.

संध्याकाळी घरी बायकोला मी सगळं रंगवून सांगितलं, बूट, मासोळ्या, आचाऱ्याचा पंचा. दादा उठला तो भाग तर मी उभं राहून करून दाखवला. ती हसली, पुन्हा करायला लावला. मग भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "दादा उठला नसता त?"

"म्हणजे?"

"तुमचं बराबर वाजलं असतं अन् दादा तिथं बेसिनपाशी बसून राहिला असता. मंग?"

मी पुष्कळ उत्तरं तयार केली. पण शेठनं त्याला सामान ठेवायला सांगितलं तेव्हा मी काय करत होतो ते मला आठवत होतं.

"मग मी घरी येऊन तुला सांगितलं असतं की सीट मिळाली," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. चिरलेली भाजी पाण्यात टाकली.

"हे दादाले नोका सांगू," ती म्हणाली.

शेठचं रेस्टॉरंट दोन वर्षं चाललं. दोन वर्षं दादा मासोळ्यांच्या शेजारी लाल फुलांचा शर्ट घालून उभा राहिला, एक बोट बटणावर ठेवून. मी त्याला सांगितलेलं नाही.